बाळासाहेब बीट्स द गर्ल

"बाळासाहेब बीट्स द गर्ल," सर म्हणाले, आणि बाळासाहेबानं मारलं.

पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. छडी ओली होती. सर ती मुद्दाम भिजवून ठेवायचे. बहात्तरचा दुष्काळ, माणसाला प्यायला पाणी नव्हतं, पण छडी भिजवायला होतं.

"हा झाला अ‍ॅक्टिव्ह व्हॉईस. कर्ता कोण? बाळासाहेब. आता तू गं, पॅसिव्ह कर."

मी वर्गाकडं तोंड करून उभी राहायची. हात खाली. पाठ चोळायची नाही.

"द गर्ल इज बीटन बाय बाळासाहेब."

"मोठ्यानं."

"द गर्ल इज बीटन बाय बाळासाहेब!"

"शाब्बास. आता पास्ट टेन्स."

भूतकाळाला पुन्हा एक छडी लागायची. नुसतं वाक्य बदलून भागायचं नाही, सरांची पद्धत प्रात्यक्षिकाची होती. ‘बाळासाहेब बीट द गर्ल.’ सण्ण. ‘द गर्ल वॉज बीटन बाय बाळासाहेब.’ वर्ग हसायचा. पण सगळ्यात वाईट भविष्यकाळ. सर म्हणायचे ‘विल बीट’, आणि बाळासाहेब छडी उगारून नुसता उभा राहायचा. मारायचा नाही. माझे खांदे वर चढायचे, मान आत जायची, दात दातावर बसायचे. आता मारंल, मग मारंल. तेव्हा तर पोरं पोट धरून हसायची.

मी नववीत होते. आमचं गाव मुरूम गावाच्या अलीकडं, बैलगाडीच्या वाटेवर. शाळेला इमारत नव्हती, सोसायटीच्या गोदामात भरायची. भिंतीला युरियाची पोती लावलेली, त्याच्या वासानं डोळे चरचरायचे. सोसायटीचा चेअरमन तोच शाळेचाही चेअरमन, आणि बाळासाहेब त्याचा पोरगा. मिसरूड न फुटलेलं कार्टं, पण सरसुद्धा त्याला बाळासाहेब म्हणायचे. माझं नाव सरांना ठाऊक होतं का, देव जाणे. आणि देव तर आम्ही कधीच सोडले होते. वस्तीनं धम्म घेतला, देव्हारे ओढ्यात सोडले, मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं काहीच बंद केलं नाही.

शाळेत छड्या दोन होत्या. एक गावाच्या पोरांची, सरांच्या टेबलावर. दुसरी आमची, दाराच्या कोपऱ्यात पाण्याच्या डबड्यात. आमच्या अंगाला लागलेली छडी त्यांच्या अंगाला लागायची नाही, असा कायदा. आमच्या छडीच्या मुठीला सरांनी चिंधी गुंडाळली होती. धरायचं टोक त्यांचं, लागायचं टोक आमचं. मारण्यातसुद्धा असली वाटणी! आणि वर्गात एकालाही त्याचं नवल वाटायचं नाही. मलाही लई दिवस वाटलं नाही.

आमच्या वस्तीतली त्या वर्गात मी एकटी. म्हणून रोज मीच. पण एक सांगते, व्हॉईस मला कधी चुकला नाही. बाकीच्यांना ‘बाय’ कुठं लावायचा, ‘इज’ कधी, ‘वॉज’ कधी, काही कळायचं नाही. बाळासाहेबाला तर शेवटपर्यंत आलं नाही. मला यायचं. माझ्या पाठीवर गिरवून घेतलं होतं. सर वाक्य असं फिरवायचे, तसं फिरवायचे, पुढचं मागं करायचे. मार काही फिरायचा नाही. तो माझ्याच पाठीवर.

मायला एकदा पाठ दाखवली. माय दुष्काळी कामावर खडी फोडायची. दिवसभर हातोडा, बदल्यात मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी. बा मी लहान असतानाच वारलेला. मायनं पाठीवरनं हात फिरवला. तिच्या तळहाताला इतके घट्टे होते की तो हातच वळांवर खरखरीत लागला.

"शिकायचंय ना तुला?"

"व्हय."

"मग खा मार. तुज्या बापानं ढोरं वढून मार खाल्ला. तू निदान पुस्तक हातात धरून खातीस."

मी मुकाट्यानं खात राहिले. मग शाळाखात्याचा दिप्टी साहेब तपासणीला आला.

आदल्या दिवशी सरांनी मला सांगितलं, "उद्या धुतलेले कपडे घालून ये." धुवायला पाणी कुठलं? पण मला कळलं, उद्या माझं काम आहे. साहेबाला प्रात्यक्षिक दाखवायचं आहे.

साहेब जीपमधनं उतरला. लांबच्या जिल्ह्यातनं नवीन बदलून आलेला, जाडजूड, रुमालानं सारखी मान पुसणारा. खुर्चीवर बसला. सरांनी मला उभं केलं, बाळासाहेबाला उभं केलं. कोपऱ्यातली छडी काढून दिली. बाळासाहेब बीट्स द गर्ल. बाळासाहेब बीट द गर्ल. साहेबासमोर म्हणून बाळासाहेबानं हात जरा जास्तच मोकळा सोडला. मी खणखणीत पॅसिव्ह सांगितला.

साहेब खुश झाला. म्हणाला, "छान. मुलगी हुशार आहे. पण काय हो गुरुजी, दरवेळी तोच कर्ता का? आलटून पालटून करा. आता मुलीला कर्ता करा. तिला मारू द्या. पोरांना फरक कळेल."

बिचाऱ्याला छड्यांचं माहीतच नव्हतं.

सरांच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी बाळासाहेबाच्या हातातनं आमची छडी घेतली आणि मला द्यायला हात पुढं केला. मग थबकले. ही छडी बाळासाहेबाच्या अंगाला लागली तर तो बाटणार. त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि उजव्यानं टेबलावरची उचलली. पुन्हा थबकले. ती माझ्या हातात दिली तर ती छडीच बाटणार, मग उद्या गावाच्या पोरांना मारायचं कशानं? दोन हातांत दोन छड्या घेऊन माणूस उभा. एवढा इंग्रजी शिकलेला माणूस! मला आयुष्यात पहिल्यांदा त्या वर्गात हसू आलं.

"अहो, उशीर होतोय," साहेब म्हणाला. त्याला चेअरमनच्या घरी जेवायला जायचं होतं. तो काही आमचा कैवारी नव्हता.

मी पुढं झाले आणि सरांच्या हातातनं आमची छडी ओढून घेतली. चिंधीच्या टोकाला धरून.

सर माझ्या कानाशी वाकले. "नुसती उगार. लावलीस तर बघ."

"द गर्ल बीट्स बाळासाहेब," साहेब म्हणाला.

मी मारलं. जिथं बसली तिथं बसली, गालापासनं कानापर्यंत. नुसती मारली नाही, दोन्ही पाय रोवून मारली. त्याच्या कानाची पाळी फाटली. रक्त शर्टावर आलं. गोदामात त्याची बोंब घुमली.

"आता पॅसिव्ह," साहेबानं घड्याळाकडं बघत म्हटलं. मग मान वर केली. "अगं, एवढ्या जोरानं नाही!"

बाळासाहेब रडत होता. पॅसिव्ह त्याला आलाच नाही. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. तेव्हा नाही, आजही नाही.

साहेब जेवायला गेला. जीप हलली तशी सरांनी दार लावून घेतलं आणि मला धरलं. वेणीला. मग हातानं मारलं. तोंडावर, पोटात, खाली पडल्यावर लाथेनं. इतके दिवस सरांनी मला बोटसुद्धा लावलं नव्हतं, विटाळ व्हायचा. त्या दिवशी दोन्ही हात लावले. जीव घ्यायचा म्हटलं की शिवाशिव आडवी येत नाही. नंतर मात्र घरी जाऊन अंघोळ केली म्हणे.

माझं नाव शाळेतनं कमी झालं. तेवढ्यानं गावाचं भागलं नाही. पोराला मारलं त्याचा राग होताच, पण मोठा राग होता आमच्या छडीचा. बाळासाहेबाला घरात घेण्याआधी अंगणात उभं करून गोमूत्रानं धुतलं. पोरगा ओलाचिंब उभा होता आणि त्याची आजी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

गावात पाणी असलेली विहीर एकच राहिली होती. तिथं आमच्या बायांनी पायऱ्यांच्या खाली हंडे लावून थांबायचं. वरनं गावातली एखादी बाई ओतणार. तिची मर्जी झाली तर. दुसऱ्या दिवशी कुणीच ओतलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाया उन्हात बसून राहिल्या आणि रिकामे हंडे घेऊन परत आल्या. खडीच्या कामावर मुकादमाच्या पिंपात पाणी असायचं, ते बाया त्याची नजर चुकवून पदर बुडवून आणायच्या. घरी येऊन तो पदर लेकरांच्या तोंडात पिळायच्या.

लिंबाजी आबा वस्तीतले जाणते. चेअरमनकडं हात जोडून आले आणि आमच्या दारात बसले.

"पोरी, विहिरीवर येऊन नाक घास म्हनत्यात. आन वर शिक्षा देणार हायेत. काय ती तिथं सांगतील."

"आबा, चूक कुणाची?"

"चूक इचारू नगं. नाक घासल्यानं नाक झिजत न्हाय. तान्ही लेकरं हायेत वस्तीत."

माय म्हणाली, "न्हाय घासलं तर म्याच तुला हिरीत ढकलीन." म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मी हो म्हणाले. शेजारच्या शेवंताचं तान्हं सकाळपासनं रडायचं बंद झालं होतं. रडणाऱ्या लेकराची भीती वाटत नाही, गप पडलेल्याची वाटते. शेवंताच्या अंगावर दूधच उरलं नव्हतं. मी हो म्हणाले ते त्याच्यासाठी.

विहिरीवर सगळा गाव जमला होता. चेअरमन खुर्ची टाकून बसलेला, बाजूला बाळासाहेब, कानाला पट्टी. सर आमची छडी घेऊन उभे. भिजवून आणली होती. मी खाली बसले, मातीवर नाक घासलं. घासलं, सांगते ना. नाकात धूळ गेली, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मग चेअरमन म्हणाला, "आमचं पोरगं एकदा बाटलं तेवढं पुरं. हिला हिच्या मायनंच मारायचं. मी बस म्हणीपर्यंत."

सरांनी छडी मायच्या पायाजवळ टाकली.

"मालक," माय म्हणाली, "लेकरू हाय वो. चुकलं तिचं."

"पानी पायजे का न्हाय?"

मायनं रिकाम्या हंड्यांकडं बघितलं. शेवंता पोराला पदराखाली घेऊन बसली होती, तिच्याकडं बघितलं. वाकून छडी उचलली आणि मला मारलं.

"हे काय माशा हाकलतीस का?" चेअरमन म्हणाला. "जोरानं."

मायनं जोरानं मारलं. खडी फोडणारा हात तो. पाठीवरचं पोलकं फाटलं. "आजून." तिनं आणखी मारलं. मारत होती माय, आणि ‘अगं माय गं’ तिच्याच तोंडातनं निघत होतं. मी डोळे मिटून घेतले होते. छडीमागनं छडी पडत होती. मग मी डोळे उघडले आणि खुर्चीकडं बघितलं. चेअरमन पान लावत होता. चुना लावून झाला की मान हलवायचा, "आजून." मान हलली की छडी पडायची. तेव्हा मला कळलं. हात मायचा होता, पण मारत होता तो खुर्चीतला. आणि एवढे दिवस बाळासाहेबाच्या हातानंही तोच मारत होता. आयघाल्याच्या हाताला मात्र चुन्याशिवाय काही लागलं नव्हतं.

मी उठले. मायचं मनगट धरलं. तिनं छडी लगेच सोडली, जणू वाटच बघत होती. ती छडी मी चेअरमनच्या पायावर फेकली.

"तुमी मारा."

"काय म्हनलीस?"

"मारायचंय ना? उठा. तुमच्या हातानं मारा. आमच्या मायला कशाला राबवता?"

तो उठला नाही. पान हातातच राहिलं. सगळा गाव त्याच्याकडं बघायला लागला आणि तो खुर्चीत तसाच बसून राहिला. मी मायचा हंडा उचलला आणि पायऱ्या चढले. गावच्या बाया बाजूला झाल्या, अंगाला अंग लागू नये म्हणून. बरंच झालं, वाट मोकळी झाली. मी पोहरा विहिरीत सोडला. दोर माझ्या हातातनं सरसर गेला. खालनं पाण्याचा आवाज आला आणि मी ओढायला लागले.

पहिला दगड तात्यानं मारला, बाळासाहेबाच्या चुलत्यानं. मी बघितलं त्याला. तो डोक्यात बसला. दुसरा पिठाच्या गिरणीवाल्या मन्मथानं, तोंडावर, त्यात समोरचे दात गेले. पोहरा कठड्यापर्यंत आला होता. तो उलथा झाला, पाणी पायऱ्यांवरनं वाहत गेलं, आणि वस्तीच्या बाया त्या ओघळात पदर टाकायला धावल्या. त्यांनाही लाथा बसल्या. सर पुढं आले आणि माझ्या बरगडीत लाथ घातली. एकदा नाही. माय माझ्यावर येऊन पडली. तात्यानं लोखंडी पहार उचलून तिच्या दंडावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. वाळलेली तुराटी मोडावी तसा. पण माय माझ्यावरनं उठली नाही.

आम्हाला मेलेल्या समजून गाव घरी गेलं. विहीर बाटली म्हणून भट बोलावला, गोमूत्र शिंपडलं आणि संध्याकाळच्या आत तेच पाणी प्यायले. तहान लागली की सगळं शुद्ध होतं.

वस्तीनं आम्हाला बैलगाडीत घालून उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. माझ्या डोक्याला टाके. मायचा हात लाकडी फळीत बांधलेला. डॉक्टर म्हणाला, हातोडा आता विसरा. माय भिंतीकडं तोंड करून पडायची, माझ्याकडं बघायची नाही. मी हाक मारली तरी नाही.

लिंबाजी आबा आले. म्हणाले, "फौजदार जबाब घ्यायला आलाय, चेअरमन बी संगं हाय. तू पायरीवरनं घसरली म्हन. शाळंत परत घेतो म्हनलाय. पानी बी सोडतो म्हनलाय. ऐक माझं. वस्तीचा इचार कर."

आबा वाईट माणूस नव्हता. भेदरलेला होता. शाळेत परत जायचं होतं मला, लई जायचं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. आणि पाणी तर सगळ्यांनाच पाहिजे होतं. मी घसरले म्हणायला तयारही झाले असते.

तेवढ्यात आबांच्या मागनं शेवंता आत आली. रिकाम्या हातानं. पदराखाली काही नव्हतं. बायांनी ओढ्यात कुदळ घातलीय, ओल लागलीय, पाणी अजून नाही, असं तिनं आबांना सांगितलं. मग माझ्या खाटेजवळ आली.

"ज्याच्यासाठी नाक घासलंस ते गेलं," म्हणाली. "आता कुणासाठी घासू नगंस."

एवढंच बोलली आणि मायच्या खाटेपाशी खाली बसली. ती रडली नाही. मला रडू आलं, आणि रडता रडता असा राग आला की टाके उसवतील असं वाटलं.

फौजदार आला. स्टुलावर बसला. चेअरमन दारात उभा, पांढरीशुभ्र टोपी, हात मागं बांधलेले.

"कशी पडलीस गं?"

"पडले न्हाय. मारलं."

दात नव्हते, तोंडातनं वारा जात होता. फौजदार पुढं वाकला. "नीट सांग. काय मारहाण झाली का?"

"झाली न्हाय. केली. तात्यानं दगड मारला, त्यानंच मायच्या हातावर पहार घातली. गिरणीवाल्या मन्मथानं दात पाडले. इंग्रजीच्या सरानं बरगडीत लाथा घातल्या. लिहा."

"पोरी!" आबा म्हणाले.

"गप बसा आबा तुमी."

मायनं भिंतीकडनं तोंड फिरवलं. किती दिवसांनी तिचं तोंड बघितलं मी. डोळे सुजलेले, ओठ फाटलेले.

"सायेब," ती म्हणाली, "माजं बी नाव लिवा. म्या बी मारलं तिला. समद्यांच्या म्होरं. पोलकं फाटंस्तोवर मारलं."

फौजदारानं लिहायला घेतलं. मी खाटेवर उठून बसले. सगळी खोली गरगर फिरली.

"तिचं नाव खोडा. ते मारणं तिचं न्हाय. ते ह्याचं." मी दाराकडं हात केला. "ह्यानं खुर्चीत बसून पान खात खात मारलं. पाणी अडवून मारलं. ह्या बाईचं लेकरू बी ह्यानंच मारलं. सगळ्यात आधी ह्याचं नाव लिहा."

चेअरमन हसायला गेला. शेवंतानं त्याच्याकडं बघितलं तसा त्याचा हात टोपीकडं गेला. फौजदारानं पेन खाली ठेवलं.

"बाई, भानावर ये. ह्यांच्या पोराला आधी तूच मारलंस म्हणे. तसं असलं तर?"

"तसंच हाय."

"म्हणजे?"

"बाळासाहेबाला म्या मारलं. कुणी मारायला लावलं न्हाय. साहेब ‘मार’ म्हणाला, पण कान फाटंपर्यंत म्या माझ्या मनानं मारलं."

"हे लिहिलं तर तुझ्यावर बी केस व्हईल. कळतंय का?"

"व्हऊ द्या."

"जेलात जाशील."

"जाईन. लिहा. बाळासाहेबाला म्या मारलं. आन परत कुणी हात उगारला तर परत मारीन, ते बी लिहा."